चार जिल्ह्यांचा न्यायाधीश

फेडरल कोर्ट हे नाव कॅनडातील मराठी घरांत पूर्वी क्वचितच उच्चारले जाई. आता किचनर-वॉटर्लू परिसरातील कोणत्याही मराठी मेळाव्यात ते कानावर पडते. कुणाच्या भाच्याचा अभ्यास-परवाना नाकारला गेलेला असतो, कुणाच्या मित्राचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेला असतो, आणि दाद मागायची ती याच न्यायालयात. तेथे अशा प्रकरणांची इतकी दाटी झाली की मे 2025 मध्ये अर्जाची कागदपत्रे पूर्ण करण्याची मुदत 30 दिवसांवरून 75 दिवसांवर न्यावी लागली. सीमेच्या दक्षिणेला गोष्ट अधिक कठोर आहे. अमेरिकेत बेकायदा प्रवेश हा फौजदारी गुन्हा म्हणून चालवला जातो. 2005 साली टेक्सासमधील डेल रिओ येथे सुरू झालेल्या मोहिमेने तो धडाक्याने चालवायला आरंभ केला आणि ॲरिझोनातील टूसॉनच्या न्यायालयात एका दिवशी सत्तरपर्यंत आरोपींनी गुन्हा कबूल करून शिक्षा घ्यावी, असा शिरस्ता पडला. ॲरिझोनाचे मुख्य न्यायाधीश जॉन रोल हे या भाराविषयी सतत आवाज उठवत होते. 8 जानेवारी 2011 रोजी टूसॉनमध्ये लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांना याच कामासंबंधी भेटण्यास गेले असता तेथे झालेल्या गोळीबारात त्यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात त्या जिल्ह्यासाठी न्यायालयीन आणीबाणी जाहीर करण्यात आली.

न्यायाधीश वाढवा, ही मागणी यातून साहजिकच पुढे येते. ती योग्यही आहे. मात्र वाढवलेल्या न्यायाधीशाने नेमके काय करावे, हा प्रश्न मागणीच्या गदारोळात मागे पडतो. हा प्रश्न ज्याच्या उभ्या नोकरीचा विषय झाला, असा एक न्यायाधीश महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव आपण सर्वजण जाणतो, परंतु समाजसुधारक म्हणून, अर्थशास्त्रज्ञ म्हणून, गोखल्यांचे गुरू म्हणून. महादेव गोविंद रानडे यांनी तीस वर्षे ज्या खुर्चीवर बसून पोट भरले, त्या खुर्चीविषयी आपण फारसे बोलत नाही.

रानड्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील सरकारी कारकून, पुढे कोल्हापूर दरबारच्या नोकरीत. मुलगा मंद वाटावा इतका अबोल होता, असे घरचे म्हणत. कोल्हापुरातील शिक्षण आटोपून तो मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये आला आणि 1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या 21 विद्यार्थ्यांत त्याचे नाव लागले. 1862 साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासह तो विद्यापीठाचा पहिला पदवीधर झाला; 1864 मध्ये एम.ए. आणि 1866 मध्ये कायद्याची पदवी त्याने मिळवली. वाचनाने डोळे अधू झाले ते कायमचे. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांकडून वाचून घेण्याची सवय त्यांना लावून घ्यावी लागली. अक्कलकोटचा कारभार, कोल्हापूरची न्यायाधीशी, एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी व इतिहासाचे अध्यापन, अशी काही वर्षे गेली. 1871 मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हायकोर्टात वकिली करून द्रव्य मिळवण्याचा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुण्यास सबजज्ज म्हणून रुजू झाले.

पुण्यातील ती वर्षे सार्वजनिक सभेची, विधवाविवाहाच्या वादाची आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या सहवासाची. 1873 मध्ये पहिल्या पत्नीचे निधन झाले आणि वर्ष सरण्यापूर्वीच वडिलांच्या आग्रहाने अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा दुसरा विवाह लागला. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने स्वतः कुमारिकेशी लग्न केले, ही टीका त्यांनी निमूटपणे सोसली. त्या मुलीचे नाव रमाबाई. तिला शिकवण्याचे काम त्यांनी कोर्टाच्या कामाइतक्याच नेटाने केले, आणि तिने लिहिलेल्या आठवणींमुळेच आज आपल्याला या न्यायाधीशाचे घर, तंबू आणि बैलगाड्या दिसतात.

या काळात पुण्याच्या दिवाणी कोर्टात काय चालले होते, ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, तेथील कापूस येईनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, आणि त्याच सुमारास इंदापूर, भीमथडी भागांत नव्या पाहणीनुसार सारा वाढवण्यात आला. तोवर कायदाही पालटला होता. जुन्या पद्धतीत सावकाराची वही वर्षानुवर्षे चालत असे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता. जुनाट दाव्यांपासून ऋणकोचे रक्षण व्हावे, असा तो हेतू. प्रत्यक्षात दर तिसऱ्या वर्षी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, मागचे व्याज मुद्दलात मिळवू लागला, आणि कुळ सही-अंगठ्याला तयार नसेल तर थेट कोर्टात जाऊ लागला. कोर्ट तालुक्याच्या गावी किंवा त्याहूनही दूर. समन्स निघे, ते पोचे वा न पोचे. शेतकरी हजर राहत नसे. अंतर, भीती, शेतातील हंगाम आणि वकिलाचा खर्च यांपैकी एकही कारण त्याला घरी बसवायला पुरेसे होते. रोखा समोर, अंगठा स्पष्ट, प्रतिवादी गैरहजर: न्यायाधीश एकतर्फी हुकूमनामा देऊन पुढचे प्रकरण हाती घेई. त्यानंतर बेलिफ, जप्ती, आणि काही वेळा दिवाणी तुरुंग.

या व्यवस्थेत कोर्टे कामसू दिसत असत. प्रकरणांचा निकाल लागत होता. फक्त कुणाचे म्हणणे ऐकले जात नव्हते.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे फोडली आणि दप्तरे जाळली. लोण भीमथडीतून नगर जिल्ह्यात पसरले. माणसांना मारहाण फार झाली नाही; लोकांचा रोख कागदांवर होता, ज्यांच्या बळावर हुकूमनामे मिळत त्या कागदांवर. सरकारने साडेनऊशेच्या आसपास लोकांना पकडले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाल्या. दिवाणी कोर्टांनी न ऐकलेली तक्रार अशा रीतीने फौजदारी कोर्टांच्या माथी आली.

रानडे तेव्हा पुण्यात सबजज्ज होते आणि सार्वजनिक सभेचे काम पडद्याआडून चालवत होते. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी दंग्यापूर्वीच करून तिचा अहवाल प्रसिद्ध केला होता. दंग्यानंतर सभेच्या मंडळींनी लवाद कोर्टे उभारली. उभय पक्षांनी राजीखुशीने पंच नेमावेत आणि तंटा सरकारी कोर्टाबाहेर मिटवावा, अशी त्यांची योजना होती. सरकारी न्यायाधीशाने सरकारी कोर्टाला पर्याय ठरू शकणाऱ्या संस्थेला मनोमन पाठिंबा द्यावा, हे विलक्षण खरे. वरिष्ठांच्या नजरेतून ते सुटले असेल, असे मानणे कठीण आहे. 1876 पासूनच्या दुष्काळात सभेने जमवलेली माहिती सरकारच्या आकड्यांना आव्हान देऊ लागली. 1878 मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने अधिकारी धास्तावले, आणि रानड्यांना ऐन उन्हाळ्यात तातडीने धुळ्यास पाठवण्यात आले. तेथे त्यांचा टपाल सरकारी हातांनी उघडला जाई. त्यांना ते ठाऊक होते. त्यांनी तक्रार केली नाही, पत्रव्यवहार थांबवला नाही आणि नोकरीही सोडली नाही. काही काळाने संशय ओसरला.

त्याच 1879 साली दंग्याच्या चौकशीचे फळ म्हणून दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा मंजूर झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत 1 नोव्हेंबरपासून तो अमलात आला. हा कायदा म्हणजे कोर्टे आणि न्यायाधीश वाढवण्याचा त्या काळातील एक मोठा प्रयोग होता. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावातल्या गावात चालवण्यासाठी गावमुन्सफ नेमायचे होते. दावा दाखल होण्यापूर्वी समेट घडवू पाहणारे कन्सिलिएटर होते. त्यांचा दाखला असल्याखेरीज सावकाराला कोर्टाची पायरी चढता येत नसे. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारासमोर, त्याला वाचून दाखवून, लिहिला जावा, अशी तरतूद होती. चारही जिल्ह्यांत सबजज्जांची संख्या वाढवली गेली. लहान दाव्यांत अपील नव्हते. त्याऐवजी या सर्वांच्या कामावर देखरेख ठेवून चुकीचा निकाल फिरवण्याचा अधिकार एका स्पेशल जज्जाला देण्यात आला.

कायद्याचा खरा कणा मात्र वेगळाच होता. न्यायाधीशाने प्रतिवादीला समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी. ऋणकोने कर्ज कबूल केले तरी तेवढ्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, मुद्दल आणि व्याज यांचे वेगळे हिशेब मांडावेत, व्याजावर व्याज धरू नये, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून द्यावेत. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. तारण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त व्हायची नाही. रोखा समोर ठेवला की निकाल, ही सोय सावकाराकडून काढून घेण्यात आली. साहजिकच एका प्रकरणाला लागणारा वेळ कितीतरी पटींनी वाढला, आणि न्यायाधीश वाढवण्याचे कारणही तेच. ही मेख नीट लक्षात घेतली पाहिजे. जुन्याच वेगाने अधिक प्रकरणे उरकण्यासाठी ही वाढ झाली नव्हती. प्रत्येक प्रकरण सावकाश ऐकता यावे, म्हणून ती झाली होती.

1881 मध्ये, मुंबईत काही महिने प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे काम पाहिल्यानंतर, रानडे या यंत्रणेत दाखल झाले. स्पेशल जज्ज डॉ. पोलन यांचे मदतनीस म्हणून पुणे व सातारा जिल्ह्यांतील कोर्टांची तपासणी त्यांच्याकडे आली. फिरतीचे काम. वर्षातील बराच काळ मुक्काम तंबूत. सकाळी पुढच्या गावी कूच करायचे, दुपारी स्थानिक सबजज्जाचे, मुन्सफाचे, कन्सिलिएटरचे दप्तर उघडायचे, आणि निकालांमागील हिशेब पुन्हा मांडून पाहायचे. आरंभापासून व्यवहार तपासला आहे की नुसते तसे लिहिले आहे, कुळाला खरोखर विचारले आहे की छापील नमुना भरला आहे, हे शोधायचे. डोळे अधू असलेल्या माणसाने हे काम पत्करले आणि वर्षानुवर्षे केले. रमाबाई बरोबर असत. दिवसभर ते दप्तरात असताना त्या गावातील बायकांना भेटत, मुलींच्या शाळेचे पाहत. संध्याकाळी त्यांचा धडा होई.

1884 मध्ये ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले, पुढल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गेले, 1886 मध्ये सरकारच्या खर्चकपात समितीवर काम करण्यासाठी कलकत्ता-सिमल्याकडे गेले. कलकत्त्यात दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यासमोर बंगाली वाचून ती भाषा त्यांनी शिकून घेतली, अशी एक गोड हकिकत आहे. राष्ट्रसभेची स्थापना, सामाजिक परिषद, पंचहौद मिशनमधील चहा आणि त्यावरील प्रायश्चित्त, हे सारे याच काळातील. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. 1887 मध्ये पोलन यांच्यानंतर ते स्वतः स्पेशल जज्ज झाले आणि पुढील सहा वर्षे चारही जिल्ह्यांच्या कर्जकज्जांवर अखेरचा शब्द त्यांचा राहिला.

शेतकऱ्यांचा कैवारी न्यायाधीश, असे चित्र येथे सहज रंगवता येईल. ते पुरते खरे नाही. जमीन हळूहळू काटकसरी आणि भांडवल बाळगणाऱ्या वर्गाकडे जाणे ही स्वाभाविक गोष्ट आहे, असे त्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनात स्पष्ट दिसते. जमिनीच्या हस्तांतरावर सरसकट बंदी त्यांना नको होती. शेतकऱ्यांची स्थिती सुधारत आहे, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन जोतीराव फुल्यांना इतके खटकले की 1885 मध्ये त्यांनी ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून त्याला उत्तर दिले. कोर्टकचेऱ्यांतील ब्राह्मण कामगार कुळाला कसा नाडतो, हे फुले त्याआधी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगून बसले होते. नव्या कायद्यातील मुन्सफ आणि कन्सिलिएटर कोणत्या समाजातून येणार, हा फुल्यांच्या विचारातून उभा राहणारा प्रश्न होता, आणि दौऱ्यावरच्या तपासणीने तो सुटण्यासारखा नव्हता. आपल्या मते या वादात फुल्यांची बाजू अधिक बळकट आहे. रानडे मात्र दप्तर उघडून पाहत राहिले, हेही तितकेच खरे.

कायद्याच्या मर्यादा त्यांच्या डोळ्यांसमोरच उघड होत गेल्या. पहिल्या काही वर्षांत दावे झपाट्याने घटले. सावकाराने हात आखडला आणि मग नवी वाट शोधली. गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत करून घेऊ लागला. कागदावर विक्री, तोंडी कबुली परत देण्याची. विक्रीचा दस्त समोर आल्यावर कोर्टाला व्यवहाराच्या मुळाशी जाणे अवघड होई. कन्सिलिएटरांपैकी काही कर्तव्यदक्ष होते, काहींकडे पक्षकार नुसते हेलपाटे घालत. सरकारलाच 1891-92 मध्ये या कायद्याच्या परिणामांची चौकशी करावी लागली.

कर्ज मागण्याची गरज शिल्लक असेपर्यंत कोर्टांची संख्या हा अर्धाच उपाय आहे, हे रानड्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून विल्यम वेडरबर्न या आणखी एका न्यायाधीशाच्या सोबतीने त्यांनी शेतकी बँकेची योजना पुढे रेटली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचे ठरले. हिंदुस्थान सरकारने मान्यता दिली आणि लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती धुडकावली. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 मध्ये आला, तेव्हा रानडे हयात नव्हते.

येथे कॅनडातील एका निकालाची आठवण केल्याशिवाय राहवत नाही. 4 एप्रिल 1985 रोजी येथील सर्वोच्च न्यायालयाने सिंग खटल्याचा निर्णय दिला. आश्रय मागणाऱ्या सात जणांचे, त्यांपैकी सहा शीख होते, अर्ज कागदांवरून फेटाळले गेले होते. कुणीही त्यांना समोर बसवून ऐकले नव्हते. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लिहिलेल्या मताने अशा माणसाला प्रत्यक्ष सुनावणीचा हक्क मिळवून दिला. तो पुरवायचा तर ऐकणारी माणसे हवीत, म्हणून 1989 मध्ये स्थलांतर व निर्वासित मंडळ उभे राहिले. आज त्या मंडळासमोर अडीच लाखांहून अधिक आश्रयअर्ज साचले आहेत, आणि सुनावणीऐवजी कागदांवरूनच निर्णय उरकण्याची भाषा पुन्हा ऐकू येते. ॲरिझोनातील सामुदायिक कबुलीही 2009 मध्ये अपील न्यायालयाने नियमबाह्य ठरवली होती. प्रत्येकाला वेगळे विचारले पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे. पुणे जिल्ह्यातील कुळ आणि टूसॉनमधील मजूर यांच्यात साम्य एवढेच, की दोघांनाही आपल्यावरचा कागद वाचता येत नव्हता.

1 सप्टेंबर 1893 रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली वारले आणि त्यांच्या जागी रानड्यांची मुंबई हायकोर्टात नेमणूक झाली. पुणे सोडताना गाव हळहळला. हायकोर्टातील कामाचा त्यांचा पिंड तोच राहिला: कागदपत्रे मुळातून पाहायची, निकालपत्र सविस्तर लिहायचे, घाई करायची नाही. त्याच वर्षांत मराठ्यांच्या इतिहासावरील लेखन चालू होते आणि 1900 मध्ये ‘मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्लेग, दुष्काळ आणि राजकीय कटुता यांनी ते दशक काळवंडलेले होते. हृदयाचे दुखणे बळावले. 1901 च्या आरंभी त्यांनी रजा घेतली. तिच्यानंतर निवृत्तीचा विचार होता.

16 जानेवारी 1901 च्या रात्री मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. हायकोर्टातील त्यांच्या जागेवर नारायण गणेश चंदावरकर आले. चार जिल्ह्यांतील कर्जनिवारणाचा कायदा, दुरुस्त्या होत होत आणि नव्या जिल्ह्यांना लागू होत, पुढच्या शतकात नवे कायदे येईपर्यंत चालू राहिला, आणि त्याखालचे दावे तालुक्याच्या कोर्टांत पूर्वीप्रमाणे ऐकले जात राहिले.